‘ब्लॉक’ शब्द आणि नीरेचें पाणी

इंग्रजी भाषेंतील ‘ब्लॉक’ हा शब्द मूळचा लांकडाच्या ओंडक्याचा. जुन्या डच भाषेंतील ‘ब्लोक’, म्हणजे झाडाचें खोड, हा शब्द फ्रेंचमध्यें शिरला आणि तेथून चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजींत आला. ओंडका जड असतो, एकसंध असतो आणि वाटेंत आडवाही पडतो. या तिन्ही गुणांपासून निरनिराळे अर्थ निघाले. खाटकाचा ठोकळा हा ब्लॉक, छापखान्यांत चित्र उमटविण्याचा ठसाही ब्लॉक. अमेरिकेंत चार रस्त्यांमधील घरांच्या समूहास हें नांव मिळालें. मुंबईंत स्वतंत्र बिऱ्हाडाच्या जागेस मिळालें. मंदबुद्धीच्या मनुष्यासही इंग्रजांनीं ओंडक्याचीच उपमा दिली. आडवा पडण्याच्या गुणावरून सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘अडविणें’ हें क्रियापद रूढ झालें. सारांश, एकच शब्द कधीं सलग तुकडा दाखवितो, तर कधीं अडथळा.

बारामती व इंदापूर या भागांत हा शब्द पाण्याबरोबर आला. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळांत नीरेच्या डाव्या कालव्याचें काम सुरू झालें. १८८५ मध्यें कालवा खुला झाला. भाटघरच्या धरणांत सांठविलेलें पाणी वीर येथील बंधाऱ्यापासून सुमारें शंभर मैल पूर्वेकडे वाहूं लागलें. दुष्काळापासून संरक्षण हा त्याचा हेतु. परंतु पाऊस बरा झाला कीं काळ्या जमिनींत ज्वारी पिके, आणि शेतकरी पैसे देऊन पाणी घेण्यास तयार नसे. पाऊस हुकला कीं सर्वच पाणी मागत, आणि तें सर्वांना पुरत नसे. मध्यंतरीं कालव्याजवळचे बागाईतदार ऊंसाला मनसोक्त पाणी देत. त्यामुळें सखल जमिनी पाणथळ होऊन मिठानें पांढऱ्या पडूं लागल्या, हिंवतापही वाढला, आणि शेवटच्या टोंकावरील गांवें मात्र कोरडीं राहत.

१९०१ सालीं सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखालीं पाटबंधारे आयोग नेमला गेला. मुंबई इलाख्यांतील कालव्यांचें उत्पन्न इतकें तोकडें कां, हा प्रश्न तेव्हां ऐरणीवर आला. पुणें येथील कार्यकारी अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं त्यावर जी योजना मांडली, तिचें नांव ‘ब्लॉक पद्धति’. प्रत्येक गांवांत निचऱ्याची चांगली जमीन पाहून एक सलग तुकडा आंखावा. त्याला ठरलेल्या मोरींतून पाणी द्यावें. त्याच्या सुमारें एक-तृतीयांश भागांतच ऊंस लावावा. उरलेल्या भागांत कमी पाण्याचीं पिकें घेऊन दरवर्षीं फेरपालट करावा. आणि पाण्याचा करार अनेक वर्षांचा असावा. थोड्या पाण्यांत अधिक गांवांना वांटा मिळावा व जमीनही टिकावी, हा तिचा गाभा होता. प्रथम जमीनदारांनीं विरोध केला; पुढें नीरा कालव्यावर ती रूढ झाली.

अशी कल्पना महाराष्ट्रास अगदींच परकी नव्हती. खानदेशांत पांझरेसारख्या नद्यांच्या बंधाऱ्यांवर ‘फड पद्धति’ पूर्वापार चालत आली होती. भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडांत एकच पीक घ्यावयाचें आणि तें वर्षावर्षानें पालटावयाचें, हा तिचा नियम. १८८४ सालीं सुरू झालेल्या नोकरीच्या आरंभींच्या काळांत विश्वेश्वरय्यांनीं धुळ्याकडेही काम केलें होतें, हें येथें लक्षांत घेण्याजोगें आहे. शिवाय कुस्तीचा फड, तमाशाचा फड, ऊंसाचा फड असे या मराठी शब्दाचेही अर्थ थोडे नाहींत.

तथापि शब्दाचा दुसरा अर्थ नीरेकांठीं सुटला नाहीं. सलग तुकड्याला सीमा असावीच लागते. जो सीमेच्या आंत, त्याला पाण्याची हमी. त्यावर कर्ज उभें राही आणि ऊंसाची लागवड करतां येई. बाहेरच्याला तीच रेघ म्हणजे अडथळा. दोन शेजाऱ्यांची जमीन एकाच पोताची असली, तरी एकाचें नशीब पाटावर आणि दुसऱ्याचें आभाळावर. ऊंसानें खारवट जमिनीचा प्रश्नही पुरता मिटूं दिला नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत सी. सी. इंग्लिस या अभियंत्यानें दख्खनच्या कालव्यांवरील पाणथळ जमिनींचा खोल अभ्यास केला, तो याच कारणानें.

स्वातंत्र्यानंतर हाच शब्द कचेरींत शिरला. १९५२ च्या सामूहिक विकास योजनेंत खेड्यांच्या समूहास ‘ब्लॉक’ म्हटलें गेलें. मराठींत त्याचा ‘गट’ झाला आणि १९६२ पासून पंचायत समित्यांबरोबर गटविकास अधिकारी हें पद रुळलें. ओंडक्यापासून गटापर्यंत शब्दाचा अर्थ पुष्कळ पालटला. पण बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला त्यानें एकच प्रश्न वारंवार विचारावयास लावला: ही रेघ कोणीं आंखली, आणि माझें शेत तिच्या कोणत्या बाजूस आहे?