ऑर्केस्ट्रा मुंबईचा, मग वादक कझाकस्तानचे का?

केळशी असो की कोल्हापूर, आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की स्टेज, निवेदक आणि सिनेमाची गाणी. सिम्फनी ऑर्केस्ट्रा मात्र वेगळा. सत्तर-ऐंशी वादक, प्रत्येकासमोर लिहिलेली स्वरलिपी आणि सगळ्यांना एकत्र बांधणारा एक कंडक्टर. मुंबईत हा प्रकार 90 वर्षांपूर्वीच सुरू झालाय.

1935 मध्ये व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढच्याच वर्षी त्यांना मुलगा झाला, झुबिन. हेच ते झुबिन मेहता, जे पुढे लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे प्रमुख झाले. पण मेहली 1945 मध्ये शिकायला न्यूयॉर्कला गेले, झुबिन 1954 मध्ये व्हिएन्नाला. कंडक्टर जगाला मिळाला, मुंबईला कायमस्वरूपी पगारी ऑर्केस्ट्रा काही मिळाला नाही.

मग वादक नव्हते का? होते की! गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरं लहानपणीच स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकायची. त्यातले कित्येक मुंबईत आले. पोट भरायचं तर हिंदी सिनेमाचे स्टुडिओ होते, सिम्फनी उरलेल्या वेळात.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातलेच. होय, ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यातलं नाव त्यांचंच, संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना दिलेली ती मानवंदना. या माणसाने 1958 मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात रागांवर रचलेलं सिम्फनी संगीत वाजवून दाखवलं, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. कल्पना काळाच्या फार पुढची होती, पण तिच्यामागे कायमचा पैसा उभा राहिला नाही.

पुढे स्टुडिओत कीबोर्ड आला. तीस व्हायोलिनचं काम एक माणूस करू लागला आणि वादकांची रोजीरोटीच गेली. साहजिकच पुढची पिढी या वाटेला कमी गेली.

म्हणून 2006 मध्ये एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला, तेव्हा बरेच वादक बाहेरून आणावे लागले. आजही हंगामासाठी परदेशी वादक येतात. त्यावर टीका होते, आणि ती अगदीच चुकीची नाही. पण याच ऑर्केस्ट्राने झाकीर हुसेन यांच्याकडून तबल्यासाठी ‘पेशकार’ ही रचना करून घेतली. 2015 मध्ये ती मुंबईत पहिल्यांदा वाजली आणि 2019 मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावरही गेली. 2023 मध्ये खुद्द झुबिन मेहतांनी या ऑर्केस्ट्राचं संचालन केलं.

आपले वादक कधी दिसणार? ऑर्केस्ट्राने 2012 मध्ये मुलांसाठी अकादमी काढली. पण व्हायोलिनवादक तयार व्हायला दहा-बारा वर्षं सहज लागतात. तेव्हा सात वर्षांचं असलेलं मूल आत्ता कुठे विशीत पोहोचतंय.