त्यागाचा जमाखर्च

संस्थांचा इतिहास लिहिताना आपण देणगीदारांची यादी देतो, इमारतींची वर्षे नोंदवतो आणि संस्थापकांच्या त्यागाचा गौरव करतो. त्या त्यागाची रक्कम कोणत्या संसारातून गेली आणि त्या घरातील लहान मुलांचे पुढे कसे भागले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या बाबतीत तो विचारता येतो, कारण दोन्ही बाजूंचे जबाब उपलब्ध आहेत. अण्णासाहेबांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले, तर त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली. नोकरीच्या निमित्ताने परमुलखात स्थायिक झालेल्या आपल्यासारख्या पगारदार घराण्यांनी ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

मुंबईत असताना अण्णासाहेब पहाटेपासून शिकवण्या व शाळांतील तास करून घर चालवीत. त्या मिळकतीतलाही काही भाग मुरूडच्या सार्वजनिक कामासाठी बाजूला काढण्याची त्यांची रीत होती. १८९१ साली प्रथम पत्नी राधाबाई वारल्या, तेव्हा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी अण्णासाहेब पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी, म्हणजे बालविधवा गोदूबाई जोशी यांच्याशी, पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई झाल्या. या विवाहामुळे मुरूडने त्यांना वाळीत टाकले. अडीअडचणीला धावून येणारे गाव आणि भाऊबंद यांचा आधार तुटला. तेव्हा या संसाराची भिस्त महिन्याच्या पगारावरच राहिली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

फर्ग्युसनच्या आजन्म सभासदांचा पगार त्या काळी महिना सुमारे ७५ रुपये होता. १८९६ साली अण्णासाहेबांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि आरंभीच्या वर्षांतच शिलकीतील एक हजार रुपये व पाच हजार रुपयांची आपली आयुर्विम्याची पॉलिसी आश्रमाच्या स्वाधीन केली. हिशेब अगदी साधा आहे. वर्षाचे ९०० रुपये धरले, तर पाच हजार म्हणजे साडेपाच वर्षांचा पगार होतो. मिळवता माणूस अकाली गेला असता तर हीच रक्कम पोराबाळांच्या तोंडात घास घालणार होती. आनंदीबाईंनी या गोष्टीला कडाडून विरोध केला, आणि घरात त्यावरून भांडणही झाले. एकदा वैधव्य भोगलेल्या बाईला कर्ता पुरुष गेल्यावर काय होते, हे कोणी सांगावे लागत नव्हते.

कायदाही त्यांच्या बाजूने नव्हता. पत्नी व मुले यांच्या हितासाठी म्हणून उतरवलेला विमा पतीच्या किंवा त्याच्या सावकारांच्या हाती जाऊ नये, अशी तरतूद १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्यात होती. परंतु मुंबई इलाख्यातील हिंदूंना तिचा लाभ १ एप्रिल १९२३ नंतर उतरवलेल्या विम्यांपुरताच मिळाला. सबब आनंदीबाईंच्या हाती तक्रारीखेरीज काही नव्हते.

त्यांनी तक्रार केली आणि कंबरही बांधली. नागपूरला जाऊन त्यांनी सुईणीच्या कामाचे शिक्षण घेतले. शंकर, दिनकर व भास्कर हे तीन मुलगे वाढवताना मोजक्या पैशांत घर भागवले. प्लेगच्या काळात पुण्यात राहणे कठीण झाल्यावर आश्रम १९०० साली हिंगण्यास गेला आणि अण्णासाहेब कॉलेज आटोपून रोज तेथे पायी जाऊ लागले. म्हणजे घरातून पैशाबरोबर वेळही गेला. ज्या आश्रमासाठी मुलांची तरतूद गेली, तेथे पुनर्विवाहित स्त्री म्हणून आनंदीबाईंचा वावर आरंभी मोकळा नव्हता. असे असूनही पुढे त्याच कार्यासाठी वर्गणी जमवावयास त्या हिंडल्या.

या घरातून निघालेला एक धागा पुढेही गेला. थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, १९२५ साली त्यापायी प्राध्यापकी सोडली आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. मुले किती असावीत हा प्रश्न आईच्या प्रकृतीचा आहे, तसाच घराच्या ऐपतीचाही आहे, ही गोष्ट मराठीत उघडपणे मांडणाऱ्यांत ते अग्रभागी होते. त्यासाठी त्यांनाही आर्थिक झळ सोसावी लागली. येथे मात्र फरक असा, की त्यांनी व त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी स्वतःला मूल होऊ न देण्याचा निर्णय आधीच घेतलेला होता.

अण्णासाहेबांचे कार्य थोर होते. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले, ते यथायोग्यच. मात्र आनंदीबाईंच्या विरोधाला कोतेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुले लहान असताना अडीअडचणीची रक्कम राखून ठेवणे हा गृहव्यवस्थेचा पहिला नियम आहे, आणि त्या तोच सांगत होत्या. अण्णासाहेब १०४ वर्षे जगले, म्हणून त्या विम्याची गरज पडली नाही. ते दैव होते, हिशेब नव्हे. संस्थेच्या खात्यावर जमा झालेली ती रक्कम घराच्या खात्यावर खर्ची पडली होती, आणि ती बाजू आनंदीबाईंनी लिहून ठेवली म्हणूनच आज आपल्याला दिसते.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आपल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर अशा किती बाजू जमाखर्चाच्या वह्यांत पडून असतील! दूधवाला, दाई, शाळेची फी, विम्याचा हप्ता, कोणाला दिलेले उसने पैसे, हे सारे तेथे सापडते. वाडे पाडले जात असताना पहिल्यांदा रद्दीत जातात त्या याच वह्या. सनदा आणि तसबिरी आपण जपल्या. त्यांच्याच शेजारी या वह्यांनाही जागा द्यावी, एवढीच वाचकांस विनंती.