परसबागेतील लसूण : खत किती द्यायचं आणि कधी थांबवायचं?

चारठाणा (ता. जिंतूर) : 2024 च्या सुरुवातीला आणि पुन्हा वर्षाच्या शेवटी लसणाचे किरकोळ भाव 400 रुपये किलोच्या घरात गेले होते. आपल्याकडे येणारा बराचसा लसूण मध्य प्रदेशातील मंदसौर, नीमच भागातला. तिकडं पीक कमी झालं की इकडं फोडणी महाग. घराच्या मागं 10 बाय 10 फुटांचा एक वाफा असला, तर काही महिन्यांचा लसूण घरीच होतो. लागतं फक्त वेळेवर खत आणि वेळेवर आवरतं घेणं.

लागवड कधी करायची?
दसरा-दिवाळीच्या दरम्यान, म्हणजे ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. लसणाला पात वाढताना थंडी लागते, गड्डा भरताना थोडं ऊन आणि मोठा दिवस लागतो. उशीर केला तर पात तयार होण्याआधीच ऊन वाढतं आणि गड्डा बारीक राहतो.

बेणं कोणतं घ्यायचं?
राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचा भीमा पर्पल, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गोदावरी, श्वेता हे वाण आपल्याकडे चालतात. ते मिळाले नाहीत तर गावातल्याच कुणाकडचा चांगला गावरान लसूण घ्या. बाजारातला फार मोठ्या पाकळ्यांचा लसूण पाहून भुलू नका. त्यातले काही वाण डोंगराळ थंड भागातले असतात, आपल्याकडे त्याची नुसती पातच वाढते.
एका वाफ्याला अर्धा किलो बेणं पुरतं. गड्डा लावायच्या दिवशीच फोडा. बाहेरच्या जाड पाकळ्याच लावा. आतल्या बारीक पाकळ्या वेगळ्या कोपऱ्यात चटणीच्या पातीसाठी लावा. मुख्य वाफ्यातली पात कापत राहिलं, तर गड्डा पोसत नाही.

वाफा कसा करायचा?
आपलं रान काळं, पाणी धरून ठेवणारं. सपाट वाफ्यात पाणी साचून पाकळी सडते. म्हणून वीतभर उंच गादी वाफा करा. दोन ओळींत 15 सेंमी, दोन पाकळ्यांत 10 सेंमी अंतर ठेवा. टोक वर करून 2 ते 3 सेंमी खोल लावा.

खताचं गणित (100 चौरस फुटांसाठी)
- वाफा करताना : चांगलं कुजलेलं शेणखत 15 किलो. कच्चं शेण टाकू नका, हुमणी आणि वाळवी लागते.
- लावताना : सिंगल सुपर फॉस्फेट 250 ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश 60 ग्रॅम, युरिया 50 ग्रॅम. सगळं मातीत मिसळून घ्या.
- 30 दिवसांनी : युरिया 50 ग्रॅम.
- 45 दिवसांनी : युरिया 50 ग्रॅम. हा शेवटचा.

डीएपीऐवजी सुपर फॉस्फेट का? त्यात स्फुरदाबरोबर गंधकही असतं. लसणाचा उग्र वास आणि तिखटपणा गंधकातूनच येतो.
रासायनिक खत नको असेल, तर शेणखताशिवाय 5 किलो गांडूळ खत घ्या. अर्धं लावताना, अर्धं 30 दिवसांनी द्या. चुलीची राख थोडीच टाका. आपल्या चुनखडीच्या जमिनीत जास्त राख बरी नाही.

60 दिवसांनंतर युरिया नाही
समजा 20 ऑक्टोबरला लावला, तर शेवटचा युरिया 4 डिसेंबरच्या आसपास पडतो. 20 डिसेंबरनंतर मूठभरही टाकू नका. पुढं पात थोडी पिवळी दिसली की युरिया टाकायची अनेकांना सवय असते. पण या वेळी झाडानं ताकद गड्ड्यात उतरवायची असते. उशिरा नत्र दिलं तर पाकळ्यांना तिथंच नवे कोंब फुटतात, गड्डा मऊ पडतो आणि घरात टिकत नाही. सगळी मेहनत महिन्या-दोन महिन्यांत सडून जाते.

पाणी आणि निगा
लावल्यावर लगेच एक पाणी, तीन-चार दिवसांनी दुसरं. नंतर जमीन पाहून 8 ते 12 दिवसांनी. भांड्यांचं साबणाचं पाणी सोडू नका, लसणाला खारटपणा सोसत नाही. मुळं वरवर असतात, म्हणून खुरपणीही वरवरच करा. पातीवर पांढुरके चट्टे आणि पीळ दिसला तर फुलकिडे समजा. 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला 50 ग्रॅम निंबोळीचा अर्क, संध्याकाळी फवारा.

काढणी आणि साठवण
साधारण 120 ते 135 दिवसांनी पात पिवळी पडून लवायला लागते. त्याच्या दोन-तीन आठवडे आधीच पाणी तोडा. पात पूर्ण वाळायची वाट पाहू नका, गड्डे जमिनीतच फुटतात. काढल्यावर दोन-तीन दिवस वाफ्यावरच असं पसरा की एकाची पात दुसऱ्याच्या गड्ड्यावर येईल. मग पातीसकट जुड्या बांधून आठ-दहा दिवस सावलीत वाळवा आणि हवेशीर जागी टांगा. चांगली निगा राखली तर 100 चौरस फुटांतून 5 ते 7 किलो लसूण मिळतो.

यातले सगळ्यात मोठे, घट्ट 15-20 गड्डे खायला काढू नका, वेगळे टांगून ठेवा. लसूण पाकळीपासूनच लावतात, त्यामुळं वाण तोच राहतो. पुढच्या दसऱ्याला बेणं विकत घ्यायची गरज नाही. माती तपासणीसाठी आणि रोगाची शंका असल्यास गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा.