उभ्या ट्रकची बॅटरी का उतरते? चोर शोधायचा कसा?

उसाचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपतो आणि वाहतुकीचे अनेक जुने ट्रक शेडमध्ये किंवा बांधावर उभे राहतात. मध्ये एखाद-दुसरी खताची खेप, तेवढेच. मग दसऱ्याला गाडी धुऊन, हार घालून सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. दुकानदार सांगतो, बॅटरी गेली, नवी टाका. नवी टाकली जाते आणि दोन महिन्यांनी पुन्हा तोच ‘टक्’. मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या लागतात, त्यामुळे चुकीचे निदान दुप्पट महाग पडते.

म्हणून पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. बॅटरी स्वतःच चार्ज धरत नाही, की गाडी ती गुपचूप पिते, की गाडी चालताना ती नीट भरतच नाही? तिन्हींचा शेवट सारखाच दिसतो, उपाय मात्र वेगळे आहेत.

आधी बॅटरीला दोष आहे का ते बघा

लेड-अॅसिड बॅटरी काही न जोडताही हळूहळू उतरते. साधारण हवामानात महिन्याला काही टक्के, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग जवळपास दुप्पट होतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या ट्रकचे काय होत असेल, याचा अंदाज यावरून करता येईल. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण थर बसतात. ते नंतर चार्जिंगने पूर्ण सुटत नाहीत. म्हणजे आधी नुसती उतरलेली बॅटरी काही महिन्यांत खरोखरच निकामी होते.

तपासणी सोपी आहे. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, अर्थची केबल काढून ठेवा आणि चार-पाच दिवस तशीच राहू द्या. मग मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. चार्जिंगनंतर लगेच मोजू नका, तेव्हा आकडा फुगलेला असतो. केबल काढूनही व्होल्टेज घसरले तर दोष बॅटरीत आहे. तसे नसेल तर बॅटरी चार्ज धरते आहे, संशय गाडीवर घ्या.

केबल काढताना नेहमी आधी अर्थची, म्हणजे बहुतेक गाड्यांत निगेटिव्हची, आणि जोडताना ती शेवटी. उलट केले आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. विडी-सिगारेट जवळ नको, हे सांगायला लागू नये, पण लागते.

गाडी किती पिते?

जुन्या, यांत्रिक डिझेल पंपाच्या ट्रकमध्ये हल्लीच्या गाड्यांसारखे सतत जागे असणारे संगणक नसतात. चावी काढल्यावर तो जवळजवळ काहीच ओढत नाही असे दिसले पाहिजे. नव्या गाड्यांत ५० मिलिअँपिअरपर्यंतची ओढ चालवून घेतात. जुन्या ट्रकमध्ये तेवढी दिसली तरी मी कारण शोधेन.

कारण हिशेब असा. केबिनमधला ५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर घेतो, दिवसाला १० अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत अर्धी होते आणि अर्ध्या बॅटरीवर जड डिझेल इंजिन फिरवणे अवघड. ४० मिलिअँपिअर घेणारा ट्रॅकर तेच काम पन्नास दिवसांत करतो. रोज चालणाऱ्या गाडीत हा ट्रॅकर कधी कळणारही नाही. उभ्या गाडीत तो बॅटरी संपवतो.

मोजण्यासाठी चावी, दिवे, टेप सगळे बंद करा, दारे लावा. अर्थची केबल काढून टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये आधी टेस्ट लॅम्प लावा. तो ठळक पेटला तर ओढ मोठी आहे, मीटर लावू नका, फ्यूज उडेल. लॅम्प अंधूक किंवा विझलेला असेल तर मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर ठेवून त्याच जागी जोडा. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो.

आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजने आकडा कोसळला, चोर त्या लाइनवर. केबिन लाइट, अडकलेला ब्रेक लाइट स्विच, चिकटलेली हॉर्न रिले हे नेहमीचे. पण जुन्या ट्रकचा खरा त्रास मूळ वायरिंगमध्ये कमी आणि नंतर जोडलेल्या वस्तूंत जास्त असतो. सजावटीच्या एलईडी माळा, टेप, मोबाइल चार्जर, जीपीएस यांची वायर कोणीतरी सरळ बॅटरीवरून घेतलेली असते, मध्ये फ्यूजही नाही. फ्यूजबॉक्समध्ये ती सापडणार नाही. टर्मिनलवर किती वायरी आहेत ते मोजा आणि मूळच्या नसलेल्या एकेक सोडून पाहा. बिनफ्यूजची वायर घासून बॉडीला लागली तर आगही लागू शकते, त्यामुळे हे काम बॅटरीच्या पैशांपुरते नाही.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल तर डायनामो पाहा. त्यातला डायोड खराब झाला की प्रवाह उलटा बॅटरीतून डायनामोत जातो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा डायनामो सकाळी कोमट लागला तर बहुधा हेच. बॅटरी सोडून डायनामोची जाड वायर काढा, टोकाला टेप गुंडाळा, पुन्हा मोजा.

२४ व्होल्टच्या ट्रकचे खास दुखणे

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट मिळवतात. टेप मात्र १२ व्होल्टचा. मग सोपा मार्ग म्हणून अर्थकडच्या एकाच बॅटरीवरून वायर घेतली जाते. ती बॅटरी रोज जास्त उतरते. डायनामो दोघींची बेरीज बघून चार्ज करतो, त्याला एक उपाशी आहे हे कळत नाही. परिणामी एक कायम अर्धपोटी, तर दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी आटवते. दोन्ही वेगवेगळ्या मोजा. एक १२.७ आणि दुसरी ११.९ असेल तर बॅटरी बदलण्याआधी ही वायर काढा. टेपसाठी २४चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा आणि तोही चावीनंतरच्या लाइनवर, कारण काही कन्व्हर्टर रिकामे असतानाही थोडा प्रवाह घेतात. एकच बॅटरी नवी टाकणे टाळा, जुनी-नवी जोडी पुन्हा असमान होते.

चार्जिंग आणि साठवण

इंजिन मध्यम वेगावर असताना १२ व्होल्टच्या गाडीत बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत, २४च्या गाडीत याच्या दुप्पट. कमी असेल तर पट्टा, डायनामो, अर्थची पट्टी तपासा. डायनामो चार्ज करतो का हे पाहायला चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढण्याची जुनी युक्ती करू नका, व्होल्टेज उसळून डायोड आणि रेग्युलेटर जातात.

‘आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवतो’ असे अनेक मालक सांगतात. सेल्फने घेतलेले तेवढे भरून निघते, पण आधीची तूट भरत नाही. त्यापेक्षा अर्थच्या केबलवर कट-ऑफ स्विच बसवा. बॅटरीचा माथा सोड्याच्या पाण्याने पुसून घ्या, झाकणे घट्ट ठेवून. धूळ आणि अॅसिडच्या ओल्या थरातूनही प्रवाह गळतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर डिस्टिल्ड वॉटर भरून बॅटरी सावलीत काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जरवर लावा. फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते हा समज जुन्या सच्छिद्र डब्यांच्या काळातला आहे. आताच्या प्लॅस्टिक डब्याखाली फळी घातली काय, न घातली काय, सारखेच.