हंडा, मोड आणि तांब्याचा भाव

अलीकडे गटांच्या बैठकांत एक प्रश्न तीन-चार ठिकाणी कानावर आला. सोनं आपल्या हाताबाहेर गेलं, मग गटाच्या बचतीतून तांबं-पितळ घेऊन ठेवलं तर? भाव चढतोय म्हणतात, वस्तू नासत नाही, आणि अडीनडीला देऊन धान्य घेता येईल. प्रश्न काही वेडा नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी हेच केलं होतं. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, तेव्हा आज त्या वाटेनं जाऊन बघू.

आधी त्यांनी नक्की काय केलं ते समजून घेऊ. लग्नात लेकीला भांडी मिळायची. हंडा, कळशी, परात, घंगाळ, ताट, तांब्या, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. त्यावर नाव घातलेलं असायचं, कोणी दिलं, कुणाला दिलं, कधी कधी सालही. आपण ते हौस म्हणून बघतो. पण जमिनीच्या उताऱ्यावर जिचं नाव नव्हतं, तिचं नाव निदान हंड्यावर होतं, हे मला फार मोठं वाटतं. अडचण आली की तो हंडा गहाण जायचा, सुगी झाली की सोडवून आणायचा. अगदीच नाइलाज झाला तर मोडीत.

ही ‘मोड’ नीट समजून घ्या, कारण सगळा हिशोब तिथेच आहे. नवं भांडं घेताना आपण धातूचा भाव देतो आणि वर मजुरी देतो. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं ठोके देऊन मठारकाम करतात. ते ठोके फुकट कसे मिळतील? पण तेच भांडं मोडीत द्यायला गेलं की मजुरी शून्य. वर कल्हई, डाग, जोड यांची घट धरतात. समजा, भांडं किलोला १,००० रुपयांनी घेतलं आणि मोड ६०० नी गेली. म्हणजे नुसती मुद्दल परत मिळायलाच मोडीचा भाव ६०० वरून १,००० व्हायला हवा. तोवर नफ्याचं नावच नको.

मग आजीबाईला हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. तिनं हंडा तीस वर्षं पाण्याला वापरला, त्यात मजुरी केव्हाच वसूल झाली. शेवटी मोडीचे जे आले ते वरकड. शिवाय बाईच्या नावानं खातं उघडणारी बँक गावात कुठे होती? दुसरी सोय नव्हती म्हणून हंडा ही बँक होती. पुढे स्टील आलं. ना कल्हई, ना चिंचेनं घासणं. कित्येक घरांतलं पितळ तेव्हा मोडीत गेलं आणि मांडणीवर स्टील चमकायला लागलं. आपल्या आयांना त्याबद्दल नावं ठेवणाऱ्यांनी एकदा पितळेचा हंडा घासून बघावा.

आता देवाणघेवाणीचं बघू. तांबं हे एकेकाळी चलनच होतं. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास तांब्याची शिवराई पाडली, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’. त्यांच्यानंतरही शिवराया पाडल्या जात राहिल्या आणि बाजारहाटात चालत राहिल्या. पण तांब्याच्या पैशाचा रुपयाशी भाव सगळीकडे सारखा नसे. या बाजारातून त्या बाजारात गेलं, नाणं झिजलेलं निघालं, की सराफ बट्टा कापायचा. ‘नावाला बट्टा लागला’ असं आपण म्हणतो ना, तोच हा बट्टा.

त्याही आधी, १३३० च्या आसपास, महंमद तुघलकानं तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याइतकीच धरायची असा हुकूम काढला. हाच तो सुलतान, ज्यानं राजधानी दिल्लीहून आपल्या दौलताबादला आणली. झालं काय, तर लोकांनी घरोघर तशीच नाणी पाडायला सुरुवात केली. सारा तांब्यात भरायचा आणि चांदी घरात दडवायची! व्यापारी तांबं घेईनासे झाले. शेवटी सुलतानाला ती नाणी परत घेऊन खजिन्यातून चांदी मोजून द्यावी लागली. तांबं तेच, वजन तेच. समोरचा घ्यायला तयार नाही म्हटल्यावर त्याचं मोल गेलं.

आणि आपल्या गावगाड्यात देवाणघेवाण चालायची कशावर? धान्यावर. लोहार वर्षभर फाळ, विळे, कुऱ्हाडी करून द्यायचा आणि खळ्यावर बलुतं न्यायचा ते ज्वारी-बाजरीचं. ज्याचा जन्म धातूत गेला त्यानंही मोबदला म्हणून दाणेच घेतले. दारावरची बोहारीण आठवा. ती जुने कपडे घेते आणि भांडं देते, कारण त्या कपड्यांना पुढे गिऱ्हाईक आहे हे तिला ठाऊक असतं. उद्या दुष्काळ पडला आणि आपण तांब्याची पट्टी घेऊन दुकानात ज्वारी मागायला गेलो, तर दुकानदार पट्टीचं काय करणार?

धातूचं ओझं ही आणखी एक गोष्ट. त्याचा कळस बघायचा तर युरोपात जावं लागेल. स्वीडन देशात तांब्याच्या मोठ्या खाणी होत्या. १६४४ मध्ये तिथं तांब्याच्या चौकोनी पत्र्याची नाणी काढली, त्यातलं सगळ्यात मोठं एक नाणं जवळपास २० किलोचं! खरेदीला जायचं तर गाडी जुंपा. लोक इतके कंटाळले की १६६१ मध्ये तिथल्या बँकेनं कागदी नोटा काढल्या, त्या युरोपातल्या पहिल्या. गटाचे ५०,००० रुपये तांब्यात घातले, तर ते ठेवायचं कुणाच्या घरी आणि राखायचं कुणी, याचाही विचार आत्ताच करा.

‘भाव चढतोय’ म्हणता, तर तो उतरतोही. तांब्याचा जागतिक भाव मुख्यतः लंडनच्या बाजारात ठरतो. २००८ मध्ये जुलैला टनाला ८,००० डॉलरच्या वर असलेला भाव डिसेंबरात ३,००० च्या खाली आला. सहा महिन्यांत निम्म्याहून कमी! आपल्या तालुक्यात काहीच घडलेलं नसतं, आणि तरी कासार म्हणतो, ताई, आज मोड उतरली.

एक सूचना मध्येच सांगून टाकते. जुनी चालू नाणी धातूसाठी वितळवायला कुणी मागत असेल तर देऊ नका. २०११ च्या नाणे कायद्यानं तो गुन्हा आहे.

मग भांडी घ्यायचीच नाहीत का? घ्या की, वापरायला घ्या. कर्जाच्या वसुलीतसुद्धा कायद्यानं त्यांना वेगळं धरलं आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, कारण कर्जापायी घरदार जात होतं. त्यानंतर कायदे होत गेले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात आजही लिहिलेलं आहे की कर्जदाराचे, त्याच्या बायकोचे, मुलांचे गरजेचे कपडे, अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाची भांडी जप्त करता येत नाहीत. बाईनं रीतीप्रमाणे अंगावरून उतरवायचा नाही असा दागिनाही नाही. मात्र हे वापरातल्या भांड्यांचं झालं. विकायला रचून ठेवलेल्या तांब्याच्या पट्ट्यांना हे कलम लावू नका.

गटाच्या पैशाचं मात्र माझं मत ठाम आहे. १९९२ मध्ये नाबार्डनं ५०० गटांपासून बचतगट आणि बँक जोडायला सुरुवात केली, तेव्हा हंड्याला पहिल्यांदा खरा पर्याय मिळाला. गटातले १०० रुपये तांब्यात घातले तर कोपऱ्यात पडून राहतात. तेच शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी कर्जाऊ दिले तर व्याजासकट गटातच फिरतात, आणि अडचणीतल्या बाईला हंडा गहाण टाकावा लागत नाही.

तरीही कुणी ‘तांबं घ्या, दुप्पट होईल’ म्हणत दारात आलं, तर त्याला पावती मागा. त्या पावतीवर वजन, धातूचा भाव आणि मजुरी वेगवेगळी लिहायला लावा, आणि हेच भांडं आज परत दिलं तर मोड काय भावानं घेणार तेही लिहून घ्या. मग दोन्ही आकडे बैठकीत मोठ्यानं वाचा.