आंबिल ओढ्यातून खाली

पायांत वहाणा असतील तर काढून हातात घ्या. पुण्याजवळ कात्रजच्या तळ्याखाली जिथे सांडवा उतरतो, तिथून आंबिल ओढ्यात शिरायचं आहे आणि थेट मुठा नदीपर्यंत पात्रातूनच चालायचं आहे. वाटेत वर्षं बदलत जातील. त्याची काळजी करू नका, फक्त दोन्ही काठांकडे लक्ष ठेवा.

आत्ता साल 1750 च्या थोडं पुढचं आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रज घाटाखाली तळी बांधून घेतली आहेत. वरच्या तळ्यात गाळ बसतो, निवळलेलं पाणी खालच्या तळ्यात येतं आणि तिथून दगडी बंदिस्त नळातून शनिवारवाड्याच्या दिशेनं निघतं. माणूस आत उतरून चालू शकेल एवढा तो नळ आहे. हवा खेळावी आणि गाळ काढायला उतरता यावं म्हणून मध्ये मध्ये जमिनीवर उसासे काढले आहेत. नळाला लागेल तेवढं पाणी घेतल्यावर उरलेलं सगळं ओढ्याचं. ते आता तुमच्या घोट्याशी आहे, थंडगार.

पात्र किती रुंद आहे पाहा! काळ्या कातळावरून पाणी पसरत जातं, डोहात थांबतं, पुन्हा पसरतं. काठाला वाळुंज वाकलेला आहे, त्याची मुळं पाण्यात सुटली आहेत. त्यामागे करंज, उंबर, जांभूळ. उंबराखाली पिकलेल्या फळांचा सडा आहे आणि वर धनेशाची जोडी ओरडते आहे. ऊन चढलंय, पण पात्रात ते कवडशांपुरतंच पोचतं.

पर्वतीच्या अलीकडे मळे लागतात. मोटेचं पाणी थारोळ्यात पडतंय, तिथून पाटानं आत जातंय. आंब्याच्या ओळी लांब अंतरावर लावल्या आहेत आणि मधल्या पट्ट्यात मेथी, वांगी, मुळा. पाटाच्या कडेला केळी, बांधावर शेवगा आणि हादगा. एकाच जमिनीत तीन उंचीची पिकं. आंबा दहा वर्षांनी द्यायला लागेल, तोवर भाजी घर चालवेल, आणि हादग्याचा पाला गुरांना जाईल. पुण्याच्या नकाशावर आज जी हिराबाग, रमणबाग, चिमणबाग अशी नावं उरली आहेत, त्यांच्या जागी खरोखरच्या बागा होत्या हे इथे उभं राहिल्यावर पटतं.

"पाव्हणं, बांधावर पाय नका दिऊ, ढासळंल," माळी ओरडतो. तुम्ही खाली उतरता. मळा आणि ओढा यांच्या मध्ये एक सखल पट्टा मोकळाच आहे, नुसती झाडं. भाजी इथे का नाही, असं तुम्ही विचारता. तो हसतो. "ते वढ्याचं हाय. पावसाळ्यात तिथवर येतो त्यो. करंजाला काय व्हत न्हाई, वांगी व्हावून जात्यात." एवढं बोलून तो मोटेकडे वळतो. त्याच्या दृष्टीनं यात सांगण्यासारखं काही नाही.

पण या काळाचा मोह फार वेळ धरू नका. नळाचं हे पाणी पेठांतल्या हौदांत पडतं आणि त्या हौदांना सगळ्यांना हात लावता येत नाही. ज्यांच्या सावलीचाही या शहराला विटाळ आहे, त्यांना ओढ्याचंच पाणी, तेही खालच्या अंगाचं. त्यांनाच पुढे पर्वतीच्या देवळात प्रवेशासाठी 1929 साली सत्याग्रह करावा लागला, तरी तेव्हा दार उघडलं नाही. पाणी, सावली, फळ शहरात कोणाच्या वाट्याला येतं, हा प्रश्न या ओढ्याला सुरुवातीपासून चिकटलेला आहे. पुढे तो पुन्हा भेटेल.

पर्वतीच्या पायथ्याशी पात्र वळतं. हे वळण माणसांनी दिलेलं. पूर्वी ओढा सरळ वस्तीतून जायचा आणि पावसाळ्यात हैदोस घालायचा. जिजाबाईंच्या काळात त्याला बांध घातला गेला असं पुण्याच्या इतिहासात सांगतात. नानासाहेबांनी इथे तळं केलं, मधल्या बेटावर सारसबाग. म्हणजे ओढा वळवणं ही आजची खोड नाही. फरक एवढाच, की तेव्हा वळवलेल्या पाण्याला पसरायला तळं दिलं होतं.

इथून पुढची दोन-अडीचशे वर्षं भराभर चाला. तळं आटवलं जातं, त्याची बाग होते. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटतं आणि मुठा पेठांत शिरते. पुण्यानं पूर म्हणून जो लक्षात ठेवला तो हाच. नदीची भीती बसली, ओढ्यांची कोणी धास्ती घेतली नाही. मळ्यांचे प्लॉट पडतात. तळजाई आणि पाचगाव पर्वतीच्या उघड्या टेकड्यांवर गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, लावला जातो, कारण तो लवकर हिरवा दिसतो. त्याच्याखाली जाऊन बसा. पक्ष्यांना खायला फळ नाही, दुसरं रोप सहसा उगवत नाही. हिरवं दिसणं आणि जंगल असणं यांतलं अंतर इथे कळतं.

1997 साली आजूबाजूची 23 गावं महापालिकेत येतात. त्यांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण पडतं, 978 हेक्टर. ते कागदावर पक्कं व्हायला 2015 उजाडतं. तोवर उतारांवर घरं चढलेली असतात.

आता थांबा. 25 सप्टेंबर 2019, रात्र. तुम्ही सहकारनगरच्या बाजूला, ओढ्याला लागून असलेल्या एका सोसायटीत राहता. पाऊस संध्याकाळपासून लागलेला आहे आणि वीज गेली आहे. खालून आवाज येतो म्हणून तुम्ही मोबाईलचा उजेड धरून जिना उतरता. शेवटच्या पाच पायऱ्या पाण्यात आहेत. पार्किंगमधल्या गाड्या हलताहेत, एकमेकींवर आपटताहेत. पलीकडच्या वस्तीत बायका मुलांना खांद्यावर घेऊन ओरडताहेत, "वर या, वर या!" पाण्याला चिखलाचा, गटाराचा, पेट्रोलचा वास आहे. अरण्येश्वरला, टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळल्याचं सकाळी कळतं. पुणे आणि परिसरात त्या पुरानं वीसहून अधिक माणसं नेली.

असं का झालं हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. दख्खनच्या कातळावर माती मुळात पातळ. ती मुळांनी धरली असेल, वर पालापाचोळा असेल, तर पाऊस थोडा मुरतो आणि उरलेला रेंगाळत उतरतो. उतार सिमेंटचा झाला की तेच पाणी सगळं एकदम येतं. खाली पात्र भिंतींनी आवळलेलं असेल तर त्याला वर चढण्याशिवाय जागा नसते. भिंत उंच बांधली तर ते पुढच्या वस्तीत जास्त जोरानं जातं. झाडं ढगफुटी थांबवत नाहीत, हेही सांगायला हवं. झाडांचा पट्टा पाण्याचा वेग मोडतो आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती जागा बांधकामापासून राखून ठेवतो. मळ्यातल्या त्या माळ्यानं सखल पट्टा करंजांना सोडला होता तो याच हिशेबानं.

2021 च्या जूनमध्ये दांडेकर पुलाशी पात्र सरळ करण्यासाठी घरं पाडायला यंत्रं येतात. लोक रस्त्यावर उतरतात. पूर ज्यांच्या घरात शिरला, ओढ्यासाठी हटायचंही त्यांनीच. मला हे मान्य नाही. ओढ्याला जागा हवी, शंभर टक्के हवी. पण ती फक्त पत्र्याच्या घरांकडून मागायची आणि संरक्षक भिंत घालून पात्रात सरकलेल्या इमारतींना विचारायचंही नाही, हा न्याय नव्हे.

इथून पुढचं घडलेलं नाही. तरीही चला. 2045.

कात्रजच्या उतारावर समतल चर आहेत, गिरिपुष्प विरळ करून मध्ये धावडा, हिरडा, पळस लावले आहेत. पद्मावतीपासून खाली पात्राच्या दोन्ही अंगांना पट्टा मोकळा आहे. जिथे पूर्ण जागा मिळाली नाही तिथे एकाच काठाला, पण सलग. पाण्यालगत वाळुंज आणि करंज, मग उंबर, अर्जुन, जांभूळ, आणि वरच्या पायरीवर, जिथे पाणी क्वचित पोचतं, आंबा, शेवगा, कढीपत्ता, खाली अळू आणि हळद. मैलापाणी वेगळ्या वाहिनीत गेल्यावरच भाजी लावायची, असं वस्तीनं ठरवलं होतं. त्याला सात वर्षं लागली.

काठाची राखण दांडेकर पुलाच्या वस्तीतल्या बायकांकडे आहे. त्यांची नवी घरं इथेच, उंचावर, चालत पाच मिनिटांवर बांधली. जांभळाचा आणि शेंगांचा पैसा त्यांचा, गाळ काढायची मजुरी पालिकेकडून. जूनच्या सुरुवातीला त्या भांडत असतात, पण ते जांभळाचं झाड कोणी झोडपलं यावरून. संध्याकाळी टेकडीवरची गार हवा जड होऊन उतारानं खाली येते आणि ओढ्याच्या मोकळ्या पट्ट्यातून आत सरकते. पूर्वी ती पहिल्याच भिंतीशी अडायची. मे महिन्यात वस्तीतल्या म्हाताऱ्या रात्री काठाशी खाटा टाकतात.

पट्टा एका ठिकाणी मात्र तुटतो. तुमच्याच सोसायटीपाशी. तिची संरक्षक भिंत अजून पात्रात पुढे आलेली आहे आणि वरून मोकळं आलेलं पाणी तिथे दाटतं. आज सभा आहे. समोरच्या वस्तीतल्या एक मावशी खास बोलावल्यामुळे आल्या आहेत. त्या 2019 च्या रात्री भिंतीपलीकडे होत्या.

"भिंत मागं घेतली तर आमच्या अकरा गाड्यांची जागा जाते," सचिव सांगतात. "आणि नाही घेतली तर?" कोणीतरी विचारतं. मावशी उठून उभ्या राहतात. "नाही घेतली तर तुमचं पाणी आमच्याकडं येतं. तेव्हा आलं होतं तसं. तुम्ही वरच्या मजल्यावर जाता, आम्हाला वरचा मजला नव्हता."

सचिव ठराव वाचून दाखवतात. भिंत नऊ मीटर मागे घ्यायची, मोकळ्या जागेत करंज आणि जांभूळ लावायचे, गाड्यांची सोय समोरच्या गल्लीत. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत. पंधरा हात वर आहेत. सोळा लागतात, आणि सगळे तुमच्याकडे बघताहेत.