चुकांवरून वाचलेला मेंदू

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला लेखनिकाच्या चुका उपकारक ठरतात. कोणती चूक कोणत्या प्रतीत उतरली, हे पाहूनच पोथ्यांची कुळे लागतात. फळमाशीच्या मेंदूच्या संशोधनाचा इतिहास आम्हांला याच कारणाने जवळचा वाटतो.

अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेत सेमूर बेन्झर यांनी १९६७ मध्ये एक पद्धत मांडली. रसायन देऊन माशांच्या जनुकांत बिघाड घडवायचा आणि पुढच्या पिढ्यांतून वेगळे वागणारी माशी निवडायची. सर्व माशा उजेडाकडे धावत असता एखादी का धावत नाही, हा त्यांचा प्रश्न. १९७१ मध्ये रॉन कोनोप्का आणि बेन्झर यांनी तीन वाण नोंदवले: एकाचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, तिसऱ्याला दिवसरात्रीचे भानच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकातले निघाले.

वर्तन असे एका जनुकाला बांधता येते का, ही शंका तेव्हा घेतली गेली. ती अवाजवी नव्हती. चाकाचा दाता मोडला की घड्याळ थांबते, म्हणून वेळ त्या दात्यात असते असे म्हणता येत नाही. बिघडलेले जनुक आणि बदललेले वर्तन यांच्यामध्ये चेतापेशींचे अख्खे जाळे असते. ते उलगडणे बाकी होते.

त्या कामात मुंबईचाही वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओबैद सिद्दिकी यांनी बेन्झर यांच्यासह, उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या आणि गारव्यात पुन्हा हालू लागणाऱ्या माशांच्या चेतांमधील दोष तपासले (१९७६). पुढे कुलाब्यात त्यांनी व वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी गंध आणि चव यांच्या जाणिवेत उणीव असलेल्या माशा अभ्यासल्या.

१९९३ मध्ये अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरिमॉन यांनी हवे ते जनुक निवडक पेशींतच जागे करण्याची युक्ती दिली. २००१ मध्ये तोशिहिरो कितामोतो यांनी तिला उष्णतेने लुळे पाडणाऱ्या अशाच एका जनुकाची जोड दिली. आता निवडक चेतापेशी गप्प करून पुन्हा बोलत्या करता येऊ लागल्या. योगायोगाने सापडणाऱ्या चुकीची जागा हेतुपूर्वक गाळलेल्या शब्दाने घेतली.

२०२४ मध्ये एका प्रौढ मादीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला: सुमारे १,३९,००० चेतापेशी, ५ कोटींहून अधिक जोडण्या. संहिता हाती आली. कोणती पेशी कोणाला जोडलेली आहे, हे ती सांगते. कोणती केव्हा बोलते आणि तिच्यावाचून काय अडते, हे समजण्यासाठी आजही एकेक शब्द गाळूनच पाहावा लागतो.